समुद्रपुष्पाचे पथ्यपाणी

बडोदे हे नदीकाठचे शहर. विश्वामित्रीचा पूर आणि त्या पुराबरोबर वस्तीत शिरणारी मगर आपल्या परिचयाची आहे; पण भरती-ओहोटी, शंख-शिंपले आणि खारा वारा यांची गाठ पडायची ती द्वारकेच्या यात्रेत, नाही तर कोकणातल्या आजोळी. अलीकडच्या काळात मात्र समुद्रच आपल्या दिवाणखान्यात येऊन बसला आहे. काचेची रुंद पेटी, तीत मोजून कालवलेले खारे पाणी, ते खेळते ठेवणारे पंप, वर निळसर पांढरे दिवे आणि आत रचलेले सच्छिद्र कृत्रिम खडक, अशी खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणारी हौशी घरे आता शहरात आढळतात. गोल्डफिश आणि गप्पी यांवर संतुष्ट असलेली आमची पिढी ती पाहून क्षणभर थबकते.

या टाकीतील मानाचा रहिवासी म्हणजे सी ॲनिमोन. मराठीत त्याला समुद्रपुष्प असे अन्वर्थक नाव आहे. खडकाला चिकटलेला देठासारखा देह आणि वर पाकळ्यांसारखी हलणारी बोटे पाहिली, की हे फूलच आहे असा भास कोणालाही व्हावा. पण ज्या ज्या घरी हे फूल येते, त्यांपैकी अनेकांच्या तोंडी काही दिवसांनी एकच तक्रार ऐकू येते : “आमचे फूल पांढरे पडले हो!” काहींच्या घरी तर ते पांढरे असतानाच आलेले असते आणि ते आजारी आहे याचा पत्ताही कोणाला नसतो.

या पांढऱ्या पडलेल्या जिवाची शुश्रूषा कशी करावी, हे या लेखात सांगावयाचे आहे. विषय वरवर पाहता चैनीचा वाटेल. परंतु घरात आणलेला जीव मग तो गाय असो, पोपट असो की समुद्रपुष्प, त्याची जबाबदारी आपल्यावर येतेच; आणि ही जबाबदारी पार पाडताना जे कळते, ते टाकीच्या काचेपाशी थांबत नाही.

हा रंग कोणाचा?

समुद्रपुष्प हा प्राणी आहे. प्रवाळाचा आणि जेलीफिशचा नातलग. त्याला हाडे नाहीत, मेंदू नाही, तोंड मात्र आहे. वरच्या चकतीच्या मध्यभागी असलेल्या या एकाच द्वाराने अन्न आत जाते आणि मलही बाहेर पडतो. तोंडाभोवतीच्या बोटांना शास्त्रज्ञ संस्पर्शक म्हणतात. त्यांत सूक्ष्म दंशपेशी असतात; भक्ष्याचा स्पर्श होताच त्यांतून विषारी तंतू सुटतात. विदूषक मासा, अर्थात क्लाऊनफिश, तेवढा या बोटांच्या गर्दीत निर्धास्त वावरतो. त्याच्या अंगावरील श्लेष्मल लेपामुळे हे दंश त्याच्यापुरते निष्प्रभ ठरतात.

आता रंगाचा प्रश्न. उष्ण समुद्रातील ज्या समुद्रपुष्पांत विदूषक मासा राहतो, त्यांच्या शरीराच्या पेशींत एक भाडेकरू वस्ती करून असतो. तो म्हणजे झूझँथेली नावाचे एकपेशीय, तपकिरी रंगाचे शैवल. शैवल सूर्यप्रकाशात साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देते. घरमालक त्याबदल्यात त्याला निवारा आणि आपल्या शरीरातील नत्रयुक्त मळ पुरवतो. एकाचा केर तो दुसऱ्याचा खुराक, असा हा संसार आहे. समुद्रपुष्पाचा तपकिरी, बदामी किंवा शेवाळी रंग मुख्यतः या भाडेकरूचा असतो. प्राण्याचे स्वतःचे मांस जवळजवळ पारदर्शक असते.

पाणी वाजवीपेक्षा तापले, की शैवलाची अन्न तयार करण्याची यंत्रणा बिघडते आणि तिच्यातून प्राणवायूची दाहक रूपे बाहेर पडू लागतात. काल ज्याच्या कमाईवर घर चालत होते, तोच आज घराला आग लावतो आहे अशी अवस्था होते. मग समुद्रपुष्प या शैवलाला शरीराबाहेर टाकते. फार प्रखर प्रकाश, फार अंधुक प्रकाश, क्षारतेतील अचानक चढउतार, प्रवासातील हाल, यांमुळेही हेच घडते. शैवल गेले की उरतो तो रिकाम्या घरासारखा पांढरा देह. यालाच विरंजन म्हणतात.

येथे एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवावी. काही समुद्रपुष्पांच्या बोटांच्या टोकांचा जांभळा वा गुलाबी रंग प्राण्याचा स्वतःचा असतो आणि तो विरंजनानंतरही टिकतो. त्यामुळे शुभ्र देह आणि जांभळी टोके असलेले समुद्रपुष्प दुकानात सर्वांत देखणे दिसते. गिऱ्हाईक नेमके तेच उचलते. क्षयाने आरक्त झालेल्या गालांना पूर्वीचे कवी सौंदर्य समजत, त्यातलाच हा प्रकार. भडक पिवळे किंवा गर्द गुलाबी समुद्रपुष्प पुष्कळदा विरंजित देहाला चढवलेल्या कृत्रिम रंगाचे असते, हेही लक्षात असावे.

पांढरे म्हणजे मृत नव्हे

पांढरे पडलेले समुद्रपुष्प उपाशी असते, मेलेले नसते. ते तोंडाने खाऊ शकते, आणि त्याच्या शरीरात कोठे तरी थोड्या शैवलपेशी बहुधा शिल्लक असतात. परिस्थिती निवळली तर त्याच पेशी वाढून पुन्हा सारे घर भरून काढतात. २०१६ साली प्रशांत महासागरातील मोरिया बेटाभोवती पाणी तापले, तेव्हा तेथील समुद्रपुष्पे मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. त्यांच्या आश्रयाला असलेल्या विदूषक माशांची अंडी घालण्याची क्रियाही निम्म्याहून अधिक मंदावली. पाणी निवल्यावर सुमारे तीन-चार महिन्यांत समुद्रपुष्पांचा रंग परतला आणि माशांचे संसारही पूर्वपदावर आले. त्यांना कोणी औषध दिले नव्हते. व्याधीचे कारण दूर झाले आणि देहाने आपले काम केले.

आपल्या घरांतील वडीलधारी माणसे आजारात औषधापेक्षा पथ्यावर अधिक भर देत. विषमज्वरातून उठलेल्या माणसाला पुरणपोळी वाढत नसत. आधी पेज, मग मऊ भात, मग पोळी, असा क्रम असे. समुद्रपुष्पाच्या शुश्रूषेचे सारे शास्त्र या एका रीतीत सामावले आहे. बाटलीतून थेंब टाकण्याची घाई नको. त्याला पथ्यपाणी हवे.

पाण्याचे पथ्य

पहिले पथ्य तापमानाचे. टाकीतील पाणी २५ ते २६ अंश सेल्सियसच्या आसपास असावे आणि मुख्य म्हणजे ते स्थिर असावे. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२ अंशांच्या पुढे सहज जातो. अशा वेळी बंद खोलीतील टाकी ३० अंश ओलांडते आणि विरंजन ओढवते. पाणी थंड ठेवणारे यंत्र मिळते, पण ते महाग असते. टाकीचे झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडला, तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरू शकते. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, तोच हा न्याय. कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय उत्तम चालतो. पावसाळ्याच्या दमट हवेत त्याचा गुण कमी येतो, हे माठ वापरणाऱ्या कोणत्याही गृहिणीला सांगावे लागणार नाही.

दुसरे पथ्य क्षारतेचे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. विशिष्ट गुरुत्वाच्या भाषेत हे प्रमाण १.०२५ च्या जवळपास येते. स्वयंपाकघरातील मीठ येथे चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षारही असतात. त्यासाठी तयार मिळणारे सागरी मीठच घ्यावे. टाकीतील पाणी उडून जाते ते गोडे. मीठ मागे राहते. म्हणून रोजची तूट भरताना कधीही खारे पाणी घालू नये, शुद्ध गोडे पाणी घालावे. नळाचे पाणी आपल्यासाठी क्लोरिन घालून निर्जंतुक केलेले असते; या नाजूक जिवांना तो क्लोरिन बाधतो. आर. ओ. यंत्रातून गाळलेले पाणी वापरणे इष्ट.

तिसरे पथ्य स्वच्छतेचे. अमोनिया आणि नायट्राइट यांचा अंशही पाण्यात नसावा. टाकी नवी असेल तर हा समतोल बसायला महिने लागतात, म्हणून सहा महिन्यांपेक्षा कमी वयाच्या टाकीत समुद्रपुष्प ठेवूच नये असा अनुभवी लोकांचा सल्ला आहे. दर आठवड्याला सुमारे दहावा हिस्सा पाणी बदलावे आणि नवे पाणी तापमानाने व क्षारतेने जुन्याशी जुळवून मगच आत सोडावे. तांब्याचा अंश असलेली माशांची औषधे टाकीत कदापि घालू नयेत. माशाला तारणारे तांबे समुद्रपुष्पाला मारते.

प्रकाशाचे आणि अन्नाचे पथ्य

शैवलाला प्रकाश हवा, हे कळल्यावर बहुतेक हौशी मंडळी दिवे वाढवतात आणि रोग बळावतो. ज्याच्याजवळ शैवलाचे आवरण उरलेले नाही अशा उघड्या देहावर प्रखर प्रकाश टाकणे म्हणजे डोळ्यांचे ऑपरेशन झालेल्या माणसाला भर दुपारी गच्चीवर उभे करण्यासारखे आहे. दिवे प्रथम मंद ठेवावेत किंवा टाकीपासून उंच टांगावेत. दिवसाकाठी दहा-बारा तास प्रकाश आणि उरलेला वेळ अंधार, हा क्रम मोडू नये. नंतर दर आठवड्याला थोडी थोडी वाढ करीत काही आठवड्यांनी पूर्ण प्रकाशावर यावे. याउलट, आजारी आहे म्हणून त्याला अंधारात ठेवणेही चुकीचे. उरलेले मूठभर शैवल अंधारात वाढणार नाही.

शैवलाची कमाई थांबलेली असल्यामुळे या काळात समुद्रपुष्पाला हाताने भरवावे लागते. ताज्या कोळंबीचा किंवा शिंपल्यातील मांसाचा बारीक चिरलेला, वाटाण्याहून लहान तुकडा लांब चिमट्याने अलगद बोटांवर ठेवावा. आठवड्यातून दोन-तीन वेळा एवढे पुरे. अशक्त समुद्रपुष्पाची बोटे चिकट राहिलेली नसतात, म्हणून पाण्याचे पंप काही मिनिटे बंद ठेवावेत आणि मासे घास पळवणार नाहीत यावर नजर ठेवावी. घास बाहेर टाकला तर पुढच्या खेपेस आणखी बारीक तुकडा द्यावा. मोठा घास पचत नाही. तो आत कुजतो आणि मग बाहेर येतो. न खाल्लेले अन्न ताबडतोब काढून टाकावे.

घरात विदूषक मासा असेल तर त्याच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणारा अमोनिया समुद्रपुष्पातील शैवलाला खतासारखा मिळतो, आणि रात्री त्याच्या हालचालीने पाणी खेळते राहून प्राणवायू पोचतो. हा शेजार हितकर खरा. परंतु समुद्रपुष्प अगदीच क्षीण असेल आणि मासा त्याला सारखा घुसळत असेल, तर जाळीदार टोपलीने दोघांना काही दिवस वेगळे ठेवावे. बाळंतिणीच्या खोलीत पाहुण्यांची वर्दळ कमी ठेवतात, तसेच हे.

विश्रांतीचे पथ्य

समुद्रपुष्प आपली जागा आपण निवडते. तळव्याच्या आधाराने ते हळूहळू सरकते आणि प्रकाश व प्रवाह मानवेल अशा खोबणीत पाय रोवते. ते आपल्याला समोर दिसावे म्हणून उपटून दुसरीकडे लावू नये. तळवा फाटला तर ते सहसा वाचत नाही. त्याच्या भटकंतीत ते पंपाच्या तोंडाशी ओढले जाण्याचा धोका असतो, म्हणून पंपाच्या तोंडांवर जाड स्पंज किंवा जाळी बसवावी.

दिवसातून एखादे वेळी समुद्रपुष्प आक्रसून सुरकुतते आणि काही वेळाने पुन्हा फुगते. घाबरण्याचे कारण नाही. ते आतले जुने पाणी आणि मळ टाकीत असते. तळवा घट्ट धरलेला, तोंड मिटलेले आणि बोटांना घास चिकटतो आहे, तोवर आशा आहे. तोंड सताड उघडे राहिले, आतडी बाहेर आली, तळवा सुटला, देह विरघळू लागला आणि पाण्याला दुर्गंधी येऊ लागली, तर मात्र मन घट्ट करून त्याला तत्काळ बाहेर काढावे. एका मृतदेहाच्या कुजण्याने सारी टाकी एका रात्रीत नासते.

ही पथ्ये पाळण्यास किती काळ लागतो? सहसा काही महिने. सुरुवातीचे कित्येक आठवडे तर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. या काळात मनुष्याचा धीर सुटतो, तो दिवे बदलतो, पाण्यात निरनिराळी द्रव्ये ओततो, आणि सावरत आलेला जीव पुन्हा ढासळतो.

एका वाड्यातील नोंदवही

दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी हे सारे मला जवळून पाहावयास मिळाले. होळीच्या सुमारास त्याच्या बारा वर्षांच्या मुलीने हट्टाने एक समुद्रपुष्प आणविले. शुभ्र देह, जांभळी टोके. ते आजारी आहे असे एका जाणकार स्नेह्याने सांगितले, तेव्हा घरात जणू चोरी उघडकीस आल्यासारखी शांतता पसरली. बाप दुसऱ्या दिवशी अधिक शक्तीचे दिवे आणावयास निघाला. त्याची आई झोपाळ्यावर बसून हे ऐकत होती. ती म्हणाली, “अरे, तापातून उठलेल्याला तू तालमीत पाठवतोस की काय? त्याला पेज दे, पेज. आणि जरा गप्प पडू दे.”

त्या माउलीने समुद्रपुष्प उभ्या जन्मात पाहिले नव्हते. आजारी माणसे मात्र पुष्कळ उठविली होती.

मुलीने एक नोंदवही घातली. रोज सकाळी तापमान आणि क्षारता, भरविल्याचा दिवस, घास गिळला की टाकला, बोटे चिकट की निसटती, असे रकाने आखले. शिक्षक म्हणून मला त्या वहीचे अधिक कौतुक वाटले, कारण त्या वहीत ‘काही बदल नाही’ हे शब्द ओळीने कित्येक दिवस न कंटाळता लिहिलेले होते. मे महिन्यात एका संध्याकाळी वीज गेली. पाणी २९ अंशांवर पोचले आणि समुद्रपुष्प आक्रसून मुठीएवढे झाले. घरच्यांनी बर्फ केलेल्या बंद बाटल्या एकेक करून पाण्यात तरंगत ठेवल्या आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावला. रात्री उशिरा वीज आली. समुद्रपुष्प दुसऱ्या दिवशी दुपारी उघडले. श्रावणात बोटांच्या मुळाशी फिकट चहासारखी छटा दिसू लागली. दसऱ्यापर्यंत सारा देह बदामी झाला होता आणि जांभळी टोके आता पूर्वीइतकी उठून दिसत नव्हती. मुलगी म्हणाली, “सर, आता ते आधीपेक्षा साधं दिसतं.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

मग तिने विचारले, “पण समुद्रातल्या फुलांना पंखा कोण लावणार?”

ओखामंडळाकडे एक दृष्टी

या प्रश्नाचे उत्तर शोधताना बडोदेकराची दृष्टी आपोआप पश्चिमेकडे वळते. द्वारका, बेट आणि ओखा यांचा ओखामंडळ हा प्रदेश एके काळी बडोदे संस्थानात होता. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९०५-०६ साली, जेम्स हॉर्नेल या सागरी प्राणिशास्त्रज्ञाने बडोदे सरकारसाठी तेथील किनाऱ्याची पाहणी केली. ओखामंडळाच्या सागरी प्राणिसृष्टीवरील त्यांचा अहवाल दोन भागांत, १९०९ आणि १९१६ साली, प्रसिद्ध झाला. समुद्रापासून दूर असलेल्या राजधानीने आपल्या किनाऱ्यावरील मुक्या जिवांची अशी शास्त्रशुद्ध विचारपूस सव्वाशे वर्षांपूर्वी करविली, ही आपल्या शहराच्या अभिमानाची गोष्ट आहे.

त्याच कच्छच्या आखातात १९८० साली सागरी अभयारण्य आणि १९८२ साली देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. पिरोटन बेट, नरारा यांसारख्या ठिकाणी ओहोटीच्या वेळी खडकांतून चालत जाऊन प्रवाळ आणि समुद्रपुष्पे पाहता येतात. गालिच्यासारखे पसरणारे एक मोठे समुद्रपुष्पही तेथे आढळते. मिठापूरच्या किनाऱ्यावर २००८ पासून प्रवाळांच्या पुनरुज्जीवनाचा प्रकल्प हाती घेण्यात आला, आणि २०२० च्या जानेवारीत तेथेच भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने लोखंडी सांगाड्यातून सौम्य विद्युत्प्रवाह सोडून प्रवाळ वाढविण्याचा प्रयोग सुरू केला. आपल्या महाराष्ट्रातही मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, प्रवाळ आहेत. तेथील सागरी अभयारण्य १९८७ सालचे.

या सर्व ठिकाणच्या जिवांवर एकच संकट आहे. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळांत जगभरचे प्रवाळ विरंजित झाले; २०२४ च्या एप्रिल महिन्यात शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. त्याच वर्षी आपल्या लक्षद्वीपमधील प्रवाळही मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. टाकीत जे घडते तेच समुद्रात घडते : पाणी तापते, शैवल निघून जाते, देह पांढरा पडतो. पाणी लवकर निवले तर रंग परततो. उष्मा लांबला किंवा पाठोपाठ आला तर परतत नाही. पेज देण्याइतकाही अवकाश मग मिळत नाही. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच, की समुद्राला पंखा लावता येत नाही. आपण जे जाळतो, ते कमी करता येते. घरातील टाकीला लागणारी वीजही त्या हिशेबातून सुटत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

आणण्यापूर्वी

प्रेमानेही नाश होतो, याचा एक दाखला इंग्लंडच्या इतिहासात आहे. फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ साली मत्स्यालयावर एक पुस्तक लिहिले. ते इतके लोकप्रिय झाले, की घरोघर काचेच्या टाक्या आल्या आणि हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर लोटल्या. खडकांतील डबकी समुद्रपुष्पांनी फुललेली होती, ती ओरबाडली गेली. गॉसचा पुत्र एडमंड याने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात या नाशाबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. ज्याने लोकांना समुद्राची गोडी लावली, त्याच्याच पुस्तकाने समुद्रकाठ उजाड व्हावा, हा दैवाचा विचित्र खेळ.

पण त्याच देशाच्या शेजारी, स्कॉटलंडमध्ये, दुसराही दाखला आहे. सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून एक लहानसे समुद्रपुष्प घरी आणले आणि काचेच्या बरणीत ठेवले. त्यांच्या मागे ते एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे, असे सोपवले जात राहिले. लोक त्याला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी, म्हणू लागले. त्याला शेकडो पिल्ले झाली. १८८७ साली एडिंबरा येथे ते मरण पावले, तेव्हा बरणीतील त्याच्या वास्तव्यास एकोणसाठ वर्षे झाली होती. ती जात थंड समुद्रातील, शैवलावाचून जगणारी, म्हणून तिला दिव्यांची गरज नव्हती. लागले ते नियमित बदललेले समुद्राचे पाणी, माफक अन्न आणि एकामागून एक आलेले जबाबदार हात.

समुद्रपुष्प असे दीर्घायुषी असू शकते, म्हणून ते आणण्यापूर्वी काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. जांभळ्या टोकांच्या शुभ्र समुद्रपुष्पाला ‘दुर्मीळ जात’ म्हणून कोणी गळ घातली, तर नम्रपणे नकार द्यावा; आजारी जीव विकत घेऊन वाचविण्याची बुद्धी उदात्त असली, तरी रिकाम्या झालेल्या जागी समुद्रातून दुसरा जीव आणला जातो. काही जाती टाकीतच देह दुभंगून एकाचे दोन होतात. टाकीत जन्मलेले असे समुद्रपुष्प मिळत असेल तरच घ्यावे. विदूषक माशाचीही पैदास आता बंदिस्त पाण्यात होते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनीही ती साध्य केली आहे. प्रवाळांची गोष्ट निराळी. खडक बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंक्तीला बसविले आहे. सागरी उद्यानातून तर काहीच उचलता येत नाही, आणि द्वारकेच्या यात्रेहून परतताना मुलांच्या खिशात पोवळ्याचा तुकडा राहू नये, याची काळजी थोरांनी घ्यावी.

ज्यांच्या घरी पांढरे पडलेले समुद्रपुष्प आधीच आहे, त्यांनी मात्र हताश होऊ नये. आज पंखा लावावा, दिवे मंद करावेत, पंपाला जाळी बसवावी, कोळंबीचा बारीक तुकडा चिरून ठेवावा आणि एक वही घालावी. पहिली कित्येक पाने ‘काही बदल नाही’ या शब्दांनी भरतील. ती पाने भरू द्यावीत.